पसंती क्रमांक एक

बैलबाजारात शेषराव दलाल ज्या जोडीकडे पाठ करून उभा राहील, नेमकी तीच जोडी त्याला घ्यायची आहे, हे पंचवीस वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. हा गडी तिच्याकडे ढुंकून पाहायचा नाही. आधी जायचा कडेला बांधलेल्या एखाद्या हाडकुळ्या, खांदे सोललेल्या बैलाकडे. त्याचे दात पाहणार, शेपटी उचलणार, वशिंड दाबणार, चार पावलं चालवून बघणार. शेवटी मालकालाच शरम वाटायची. "तो कायले पाह्यता शेषराव, हा पाहा ना," असं म्हणत तो स्वतःच चांगला बैल पुढे करायचा. मग शेषराव नाक मुरडायचा आणि उपकार केल्यासारखा हात पुढे करायचा. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. बोटांचं काय बोलणं झालं ते त्या दोन हातांनाच ठाऊक.

"मनातलं आधी बोलला का भाव चढलाच समज," हे त्याचं ब्रह्मवाक्य. "सौद्यात पह्यला शब्द खोटा असते, शेवटचा खरा." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, शेषरावनं अख्खा संसार त्या झाकल्या मुठीवर उभा केला होता. घरातसुद्धा कोणती भाजी हवी ते तो सरळ सांगत नसे. वांग्याची इच्छा झाली की भेंडीचं कौतुक सुरू करायचा. बायको वच्छलाबाई त्याला पुरती ओळखून होती. ती मुद्दाम भेंडीच करायची.

आणि अशा माणसाच्या पोटी काजल जन्माला आली. मनात आलं की ओठावर आलंच. पाहुण्यांना "तुमी कवा जानार?" असं विचारून तिनं लहानपणी आईचा मार खाल्ला होता. आठवीत असताना तिच्या शाळेची सहल विवरात उतरली. लोणारच्या शाळांना सहलीसाठी लांब जावं लागत नाही. खाली तळ्याच्या काठाला दिल्लीच्या एका कॉलेजची पोरंपोरी हातोड्या घेऊन दगड फोडत बसली होती. त्यातल्या एका मुलीनं काजलच्या तळहातावर काळा तुकडा ठेवला, डोळ्याला भिंग लावायला दिलं आणि आभाळातून आलेल्या धक्क्यानं हा दगड कसा वितळला ते सांगितलं. काजल घरी आली ती पाठीवरचं दप्तर न काढताच म्हणाली, "बाबा, मले दगडाचं शिकायचं."

"दगडं तं आपल्या बांधावर फुकट पडेल हायेत," शेषराव म्हणाला होता. "त्याच्यासाठी दिल्लीले कायले जातं?"

सगळं घर हसलं. पोरगी हसली नाही. तिनं त्या कॉलेजचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, आणि पुढची पाच वर्षं घराच्या खिडक्यांत दगड साठत गेले. वच्छलाबाई झाडताना करवादायची, "एक वरवंटा तेवढा माह्या नावानं राहू दे, माय." शेषराव वरून चेष्टा करायचा, पण बाजारात लोकांना सांगायचा, आमची काजल दिल्लीला जाणार. ही एकच गोष्ट तो झाकून ठेवत नसे, आणि याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटायचं.

बारावी झाली. दिल्लीच्या कॉलेजात जायचं तर साऱ्या देशाची मिळून एकच परीक्षा, तीही कॉम्प्युटरवर. काजलनं ती दिली आणि मार्क असे पाडले की अकीलनं ते दुकानात आलेल्या चार गिऱ्हाइकांना दाखवले. हा अकील म्हणजे बसस्टँडसमोरच्या ऑनलाईन सेंटरचा मालक. सातबारा, पीक विमा, आधारला मोबाईल जोडणं, सगळं एका खुर्चीत बसून करायचा. वय तिशीच्या आत, पण अर्ध्या तालुक्याचे पासवर्ड त्याच्या वहीत. काजलचा फॉर्म त्यानंच भरला होता. आता पोर्टलवर कॉलेज आणि विषय आपल्या पसंतीच्या क्रमानं लावायचे होते. तिथला कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली वाचत येतो. ज्या जागेत तुमचे मार्क पहिल्यांदा बसले ती जागा तुम्हाला देतो आणि तिथंच थांबतो.

काजलनं एक नंबरला जिऑलॉजी लावली, म्हणजे तेच दगडांचं शिक्षण, आणि तेच वहीच्या मागच्या पानावरचं कॉलेज. तिथं मुलींचं होस्टेलही होतं. मग दुसऱ्या कॉलेजातली जिऑलॉजी, मग फिजिक्स, केमिस्ट्री, असं करत करत एकतीस नंबर भरले. शेवटचे सात-आठ तर अकीलच्या आग्रहाखातर. "रिकामं कायले सोडतं, भरून टाक," असं म्हणत त्यानं एकतीसला कुठल्याशा सायंकाळच्या कॉलेजातलं साधं बी.ए. टाकलं. मोबाईल नंबर शेषरावचा दिला, कारण घरात ज्याचा रिचार्ज कधी संपत नाही असा फोन तो एकच.

सगळं नीट चाललं होतं. पोर्टलनं आधी एक कच्चा क्रमांक दाखवला आणि यादीत काही फेरफार करायचा असेल तर दोन दिवसांची मुदत दिली. काजलनं आपला क्रमांक गेल्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहिला.

"काईच बदलायचं नाई," ती म्हणाली. "होऊन जाते आपलं."

आणि त्याच दुपारच्या गाडीनं ती अमडापूरला मामाकडे गेली. मामी बाळंतीण होती आणि घरात हाताखाली कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेषराव दुसरबीडच्या बाजाराला गेला. चहाच्या टपरीवर हिंमतराव, त्याच्यासारखाच मुरलेला दलाल, मोबाईलवरची बातमी मोठ्यानं वाचून दाखवत होता. यंदा दिल्लीच्या कॉलेजांचे कटऑफ चढणार, अशी ती बातमी.

"चढनार?" शेषरावनं कप खाली ठेवला. "काऊन चढते?"

"आता सारेच्या सारे एकाच जागेवर पडले तं चढनारच ना बे," हिंमतराव म्हणाला. "ज्याले त्याले थेच पाह्यजे."

झालं! शेषरावच्या डोक्यात बाजार भरला. मागणी दिसली की भाव चढतो, हे तर त्याचं हयातभराचं ज्ञान. आणि आपली भोळी पोर काय करून बसली? पहिल्याच ओळीत मनातली गोष्ट लिहून मोकळी झाली. दिल्लीचे लोक काय कच्च्या गुरूचे चेले असतील? त्यांना दिसणारच की ही लोणारची पोरगी या जागेवर जीव टाकून बसली आहे. लावा हिला चढा भाव! परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून त्यानं सगळा बेत जमवला. हाडकुळा बैल आधी मागायचा आणि मनातला शेवटी.

बसमधून उतरला तो थेट अकीलच्या दुकानात. तिथं पीक विम्याची रांग लागलेली, सर्व्हर गोगलगायीसारखा चाललेला आणि अकीलच्या कपाळावर घाम.

"अकील, आमच्या काजलची यादी उलटी कर."

"उलटी म्हंजे?"

"खालचं वर, वरचं खाली. एकतीसवालं पह्यलं घे अन् पह्यलं शेवटी ने."

अकीलनं मान वर केली. "काका, असं नसते थे. जे पाह्यजे थे वर टाका लागते."

"तू कॉम्प्युटर शिकला, मी मानूस शिकलो," शेषराव म्हणाला. "पंचवीस सालं झाले सौदे करून राह्यलो. जे पाह्यजे थे पह्यले सांगत नसतात बाबू."

"काजलले इचारलं का?"

इथं शेषराव थोडा अडखळला. खोटं बोलायचं भय त्याला नव्हतं, खोटं तर त्याच्या धंद्यातलं मीठच. पण पोरीच्या नावानं तो आजवर खोटं बोलला नव्हता. "हाव," तो म्हणाला. "फोनवर बोलनं झालं. तिनंच सांगतलं."

"अकीलभाऊ, आमचं आज होते का नाई?" रांगेतून कुणीतरी ओरडलं. अकीलनं काकांच्या तोंडाकडे आणखी एकदा पाहिलं. वडीलधारा माणूस, पोरीचा सख्खा बाप. त्याला नाही कसं म्हणायचं? आणि दिल्लीचं नक्की काय असतं ते शंभर टक्के त्याला तरी कुठं माहीत होतं? त्यानं एकतीस आकडे उलटे टाकले आणि सेव्ह केलं. शेषरावच्या खिशातला फोन वाजला. ओटीपी आला होता. जन्मभर भाव बोटांनी सांगणाऱ्या त्या माणसानं ते सहा आकडे साऱ्या दुकानाला ऐकू जातील असे खणखणीत वाचले.

त्या दिवशी तो जेवताना एक भाकरी जास्त खाऊन गेला. "आज काय इशेष?" असं वच्छलाबाईनं विचारलंही. "काई नाई," तो म्हणाला आणि मिशीत हसला. पोरीचं काम आपण कसं फत्ते केलं ते तिला जागा मिळाल्यावर सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

निकालाच्या दिवशी काजल अमडापूरहून परत आली. संध्याकाळी पाचची वेळ दिली होती. शेषरावनं पेढे आधीच घेऊन ठेवले होते. पिशवी पाठीमागे धरून तो अकीलच्या दुकानात लेकीच्या खुर्चीमागे उभा राहिला. पडद्यावर बराच वेळ नुसतं गोल चक्र फिरत राहिलं, मग पान उघडलं. वर हिरव्या अक्षरांत अभिनंदन, आणि खाली, तुम्हाला तुमची पसंती क्रमांक एक देण्यात आली आहे.

काजल टाळी वाजवून उठली. उठता उठता तिनं पुढची ओळ वाचली असावी, कारण ती तशीच अर्धवट उभी राहिली.

"अकीलभाऊ, हे दुसऱ्या कोनाचं उघडलं तुमी."

पण नाव तिचंच होतं, फोटोही तिचाच. विषयापुढे बी.ए. आणि कॉलेजपुढे ते सायंकाळचं कॉलेज. अकीलनं शेषरावकडे पाहिलं. शेषराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

"पोर्टलची गडबड हाये," काजल म्हणाली. तिच्या आवाजात अजून धीर होता. "मी एक नंबरले हे टाकलंच नाई. मी कम्प्लेंट करतो."

शेषरावनं तिथल्या तिथं बोलायला हवं होतं. कुणीही हेच म्हणेल. पण जन्मभर झाकलेली मूठ अशी एकाएकी उघडत नाही. आणि खरं सांगायचं तर त्याची आशाही अजून सुटली नव्हती. हा तर पहिला शब्द, सौदा अजून कुठं संपला? पहिल्या फेरीत हाडकुळाच पुढे करणार ते. काजल फोन लावत बसलेली पाहून त्यानं अकीलला दुकानाच्या मागच्या बाजूला ओढलं.

"आता पुढची फेरी कवा हाये? तवा देतीन ना थे खरं?"

"काका, दुसऱ्या फेरीत फक्त वर चढता येते," अकील म्हणाला. त्याचं तोंड उतरलं होतं. "दहावी पसंती भेटली तं नववी भेटू शकते, आठवी भेटू शकते. काजलले पह्यलीच भेटली. एक नंबरच्या वर काय असते? अन् तिची जिऑलॉजी आता एकतीसले हाये. खाली उतरता येत नाई."

"असं कसं? आपन तं खालचं मागून राह्यलो!"

"मी म्हनलं होतं तुमाले."

"मंग आडवा काऊन नाई पडला?"

  मग अकीलनं सांगितलं की जागा स्वीकारायची की नाही ते तीन दिवसांत कळवायचं आहे. स्वीकारली तर तिथंच कायम. नाही स्वीकारली तर या सालापुरतं नाव बाहेर.

पुढचे दोन दिवस काजल लढली. हेल्पलाईनला फोन लावायची. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगायची, मग गाणं वाजायचं, मग फोन कटायचा. अकीलच्या दुकानातून तिनं तीन मेल पाठवले. प्रत्येक मेलमध्ये तेच, माझ्या यादीत पहिल्या क्रमांकाला जिऑलॉजी होती, तुमच्या पोर्टलवर चूक झाली आहे, कृपया तपासा. लिहिताना इंग्रजीचा एकेक शब्द ती दोनदा तपासायची. शेषराव शेजारी स्टुलावर बसून राहायचा. एकदा तिनं त्याच्याकडे पाहून म्हटलं, "बाबा, तुमी जेवून या. तुमी कायले त्रास करून घेऊन राह्यले? होईन बरोबर."  शेषराव घरी गेला, ताटावर बसला, आणि घास तसाच ताटात ठेवून उठला. आता सांगू, मग सांगू, असं करता करता दोन दिवस निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. काजलनं घरी फोनवर ते वाचलं आणि आईला मराठीत सांगू लागली. "तुमच्या यादीत मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी बदल केलेला आहे. नोंदवलेल्या मोबाईलवर पाठवलेला ओटीपी टाकून तो पक्का केलेला आहे. हा उमेदवाराचा स्वतःचा निर्णय असल्यामुळे..."



"शेवटच्या दिवशी तं मी अमडापूरले होतो," ती म्हणाली. मग तिनं हातातल्या फोनकडे पाहिलं. तो शेषरावचाच फोन होता.

शेषरावनं मान खाली घातली. "मीच केलं," तो म्हणाला. "अकीलले म्हनलं उलटी कर. तुह्या मनातलं त्याइले दिसू नये म्हनून केलं, बाई. दिसलं असतं तं त्याइनं भाव चढवला असता."

"कोनाले दिसू नये?"

"दिल्लीवाल्याइले."

"बाबा, तिथं पाहाले कोनी बसेल नाई," काजल म्हणाली. "थे मशीन हाये. आपन जे लिहू थेच खरं मानते."

वच्छलाबाई चुलीपुढून उठली. तिचं डोकं भडकलं होतं आणि डोळे भरून आले होते. "ताकाले जाऊन भांडं लपवलं तुमी!" ती ओरडली. "जलमभर बैलाचं केलं थे केलं, आता पोरीचंही करून बसले! एक शब्द इचारला असता मले! मले नाई, तिले तरी!" मग तिनं पदर तोंडाला लावला आणि मागच्या दाराशी जाऊन रडू लागली. काजल रडली नाही. ती फोन चार्जिंगला लावून आली आणि आईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

शेषराव तडक अकीलकडे गेला. "आजच निंगतो," तो म्हणाला. "दिल्लीले जातो. त्याच्या पाया पडतो. म्हनतो, चूक बापाची हाये, पोरीले कायले सजा देता?"

"कोनाच्या पाया पडता काका?"

"जो जागा वाटते त्याच्या."

"कोनीच वाटत नाई. प्रोग्राम हाये थो."

"अन् प्रोग्राम चालवते कोन?"

अकीलनं खूप विचार केला आणि खांदे उडवले. बाजारात सौदा फिसकटला तर धरायला कुणीतरी असतं. मालक असतो, मालकाचा साडू असतो, गावचा सरपंच असतो, दोघांनाही ओळखणारा एखादा चहावाला तरी असतोच. दोन शिव्या होतात, एक चहा होतो आणि बिघडलेलं जमून येतं. इथं राग काढायला समोर माणूस नव्हता आणि पाया पडायलाही नव्हता. भर बाजारात बोटांवर माणसं खेळवणारा शेषराव त्या दुकानात ज्याच्या त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. कुणी काही सांगेल का, असं त्याला वाटत होतं. विम्याच्या रांगेतले लोक नजर चुकवत होते.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती. चौघंही अकीलच्या दुकानात बसली. पडद्यावर दोन बटणं होती, एक जागा स्वीकारण्याचं, एक नाकारण्याचं.

"एक डाव आत तं घुस," शेषराव अजीजीनं म्हणाला. "मंग आतून पाहू काई."

"अन् राहीन कुठं थे?" वच्छलाबाई म्हणाली. "कॉलेज संध्याकाळचं, होस्टेल नाई. तिथं आपलं हाये कोन?"

"बी.ए.च करायचं तं लोनारातच करीन ना," काजल म्हणाली. "मले थे शिकायचं नाई."

पण नकाराचं बटणही तिच्यानं दाबवलं नाही. हात माऊसवर ठेवून ती बसून राहिली. कोपऱ्यातलं घड्याळ एकेक मिनिट पुढे सरकत होतं. शेषरावला दोनदा वाटलं की आपणच हात पुढे करून काहीतरी दाबावं, आणि दोन्ही वेळा त्यानं आपला हात मांडीखाली दाबून धरला. पाच वाजले आणि दोन्ही बटणं आपोआप नाहीशी झाली.

काजलनं भांडण केलं असतं तर शेषरावला बरं वाटलं असतं. चार दिवस ती बोलली नसती तरी चाललं असतं. पण ती पहिल्यासारखीच वागत होती. त्याला पाणी आणून द्यायची, बाबा म्हणायची, त्याच्या उपरण्याची घडी घालून ठेवायची. एकदा धीर करून तो म्हणाला, "पुढच्या साली पुन्हा दे परीक्षा. मी बोट लावत नाई कशाले." ती म्हणाली, "पाहू." मामानं अमडापूरला एक स्थळ हेरून ठेवलं होतं, आणि घरी बसलेल्या मुलीचं 'पाहू' किती दिवस टिकतं हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेषरावलाही होतं. मामाला नाही म्हणायची ताकद आपल्यात उरली आहे का, ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

बाजारात तो जाईनासा झाला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं हिंमतराव चारचौघांत बोलल्याचं त्याच्या कानावर आलं. तेही त्यानं ऐकून घेतलं. रोज सकाळी अकीलच्या दुकानात जाऊन बसायचा आणि विचारायचा, "काई आलं का?" अकील नाही म्हणायचा. आठवडाभरानं एका दुपारी अकील नाही म्हणाला नाही. थोडा वेळ घुटमळला आणि मग त्यानं पडदा काकांकडे वळवला. दुसऱ्या फेरीआधी रिकाम्या राहिलेल्या जागांची यादी आली होती. काजलच्या त्या कॉलेजात जिऑलॉजीच्या तीन जागा रिकाम्या होत्या.

शेषराव ताडकन उठला. बाजार उठताना न विकलेलं जनावर म्हणजे काय, ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? सकाळी तोऱ्यात असलेला मालक दिवस कलला की मऊ होतो. जनावर परत न्यायचं म्हणजे टेम्पो आला, वैरण आली, वर गावात हसू. मग तोच हाक मारतो, या शेषराव, घेऊन जा एकदाचं.

"काका, ऐका तं," अकील मागून ओरडला. "तिचं नाव आता त्याच्यात..."

शेषराव तोवर रस्त्याला लागला होता. पंचावन्न वर्षांचा माणूस धोतर सावरत बसस्टँडवरून पळताना पाहून रिक्षावाले थांबले. घरी पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. काजल ओसरीवर पाय दुमडून बसली होती. पुढ्यात गावच्या कॉलेजचा फॉर्म, बाजूला डिंकाची बाटली आणि तिचा फोटो.

"काजल! तीन जागा रिकाम्या हायेत! तुह्याच कॉलेजात! दगडाच्या!"

"माईत हाये," ती म्हणाली. "आईच्या फोनवर पाह्यलं मी सकाळी."

"मंग बसून काऊन राह्यली? चाल ना! आता गरज त्याइले हाये. आता आपन सरळ मागू. एक नंबरवर लिहू, मोठ्या अक्षरात लिहू. काई लपवायचं नाई."

"मी बाहेर झालो बाबा, त्या दिवशी पाच वाजता. आता माह्याकून मागता येत नाई."

"पन रिकाम्या हायेत ना!" शेषराव ओसरीच्या पायरीवर मटकन बसला. "जागा पडेल हाये, घेनारी बसेल हाये, अन् देता येत नाई, असं कुठं असते का? कोनी तरी असंलच ना तिथं. अशी कशी रिकामी ठेवतीन? सारेच्या सारे त्याच जागेवर पडले होते ना?"

काजलनं फोटोच्या मागे डिंक लावला, फॉर्मवरच्या चौकटीत तो नीट बसवला आणि अंगठ्यानं दाबून धरला.

"कोनी नव्हतं पडलं बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाले नव्हतंच पाह्यजे थे. एकट्या मलेच पाह्यजे होतं."